वर्गणीकडून मोफत प्रवेशाकडे: ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’चे प्रकरण

३१ जुलै २०१२ रोजी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (यापुढे ‘ईए’) या कंपनीने आपले तिमाही निकाल जाहीर करताना आणखी एक निर्णय जाहीर केला. ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ हा ऑनलाइन गेम बाजारात येऊन तेव्हा जेमतेम सव्वासात महिने झाले होते, आणि तोवर मासिक वर्गणी भरल्याशिवाय तो खेळता येत नव्हता. वर्ष संपण्याआधी या गेमचा मोठा भाग मोफत खुला होईल, असे कंपनीने सांगितले. त्या काळातील सर्वांत खर्चिक गेममध्ये ज्याची गणना होत होती आणि ज्याच्या पाठीशी जगभर ओळखले जाणारे कथाविश्व होते, त्याच गेमवर पहिल्या वर्षाच्या आत आपला आर्थिक पाया बदलण्याची वेळ आली होती.

या घटनेचा नेहमी सांगितला जाणारा अर्थ असा, की वर्गणीचे दिवस सरले होते आणि ईएला ते उशिरा कळले. मला हा अर्थ अपुरा वाटतो. वर्गणीचे दिवस खरोखरच सरले असते, तर याच गेममध्ये मोफत प्रवेश सुरू झाल्यानंतरही वर्गणी टिकून राहिली नसती, आणि तीन वर्षांनी कंपनीने पुन्हा वर्गणीदारांभोवतीच आपली आखणी केली नसती. येथे चुकली ती वर्गणी आणि मजकूर, म्हणजे गेममध्ये खेळायला मिळणाऱ्या नव्या गोष्टी, यांची सांगड. खेळाडूकडून पैसे ज्या गतीने मागितले जात होते आणि त्याला नवे काही ज्या गतीने मिळत होते, त्या दोन गती जुळत नव्हत्या.

वर्गणीचा मार्ग का निवडला गेला

२००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने दरमहा १४.९९ डॉलर हा आकडा जणू या प्रकारच्या गेमचा ठरलेला भाव करून टाकला होता. ऑक्टोबर २०१० मध्ये त्या गेमचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर पोहोचल्याचे तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने जाहीर केले. एकदा विकून संपणाऱ्या गेमपेक्षा दरमहा पैसे आणणारा गेम कोणत्याही कंपनीला हवाहवासा वाटणे साहजिक होते, आणि त्या यशाचा एक वाटा जरी मिळाला तरी पुरे, असा हिशेब त्या वर्षांत अनेकांनी मांडला.

दुसरा मार्गही त्याच सुमारास समोर दिसू लागला होता. कोरियातील नेक्सॉनसारख्या कंपन्या बऱ्याच आधीपासून मोफत प्रवेश देऊन गेममधील वस्तू विकत होत्या. अमेरिकेतील टर्बाइन या कंपनीने सप्टेंबर २००९ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’ आणि पाठोपाठ सप्टेंबर २०१० मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ हे आपले वर्गणीचे गेम मोफत केले, आणि दोन्हींचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात वाढल्याचे सांगितले. म्हणजे डिसेंबर २०११ मध्ये वर्गणी हा एकमेव पर्याय उरला होता असे मुळीच नव्हते.

तरीही ईएने वर्गणीच निवडली, आणि त्यामागे खर्चाचे गणित होते. हा गेम बनवायला वीस कोटी डॉलरच्या आसपास खर्च आल्याचे वृत्त ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने जानेवारी २०१२ मध्ये दिले होते. त्याच्या सुमारे वर्षभर आधी, फेब्रुवारी २०११ मध्ये, कंपनीचे तत्कालीन प्रमुख जॉन रिकिटिएलो यांनी गुंतवणूकदारांना सांगितले होते, की पाच लाख वर्गणीदार मिळाले तरी गेम चांगला नफ्यात राहील, मात्र तो नफा फार अभिमानाने मिरवण्याजोगा नसेल. पाच लाखांचा हा आकडा पुढे वारंवार लागणार आहे.

कथा हा आधार आणि कथा हीच अडचण

हा गेम बनवणाऱ्या, ईएच्या मालकीच्या बायोवेअर या स्टुडिओची ख्याती कथाप्रधान गेमसाठी होती, आणि ऑस्टिन येथील त्यांच्या चमूने हेच बळ ऑनलाइन गेममध्ये आणले. खेळाडू आठ प्रकारांपैकी एक पात्र निवडत असे आणि प्रत्येक प्रकाराला पहिल्या लेव्हलपासून पन्नासाव्या लेव्हलपर्यंत स्वतःची स्वतंत्र कथा होती. गेममधील प्रत्येक संवाद कलाकारांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेला होता, तोही इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तीन भाषांत. संवादांच्या ओळी दोन लाखांहून अधिक भरल्या आणि या कामाची नोंद गिनीज बुकात झाली. जेडाय (स्टार वॉर्समधील योद्धा) म्हणून एखाद्या कैद्याला सोडायचे की शिक्षा करायची हे ठरवताना समोरचे पात्र थेट आपल्याशी बोलते, हा अनुभव या प्रकारच्या गेममध्ये तोवर नव्हता. इतरत्र खेळाडू कामगिरीचा मजकूर न वाचताच ‘स्वीकारा’चे बटण दाबून पुढे जात असत. इथे माणसे थांबून ऐकत होती, आणि ही खरी कमाई होती.

आता याच वैशिष्ट्याकडे वर्गणीच्या बाजूने पाहिले पाहिजे. कथा एकदा संपली की संपते. तिचा एक तास घडवायला लेखन, अभिनय, ध्वनिमुद्रण, तीन भाषांतील आवृत्त्या आणि चाचणी असे महिनोनमहिने लागतात, आणि खेळाडू तो तास एका तासात संपवतो. रोज बराच वेळ देणारा खेळाडू काही आठवड्यांत पन्नासाव्या लेव्हलला पोहोचत असे. आठही कथा पाहायच्या ठरवल्या तरी दोन कथांच्या मध्ये त्याच ग्रहांवरची तीच दुय्यम कामे पुन्हा करावी लागत. वर्गणी मात्र ठरल्या तारखेला दरमहा मागितली जात होती, आणि ती भरताना खेळाडू मनाशी विचारत होता, की येत्या महिन्यात आपण इथे काय करणार आहोत.

अशा गेममध्ये या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः दोन गोष्टी देतात. एक म्हणजे पुन्हा पुन्हा करण्याजोगी सामूहिक आव्हाने, आणि दुसरी म्हणजे सोबतची माणसे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’कडे २०११ पर्यंत सात वर्षांचा साठा होता. तीन विस्तार (मूळ गेमला नंतर जोडलेले मोठे भाग), गटाने लढण्याच्या डझनावारी मोहिमा, म्हणजे डंजन आणि रेड, आणि वर्षानुवर्षे एकत्र खेळणारे खेळाडूंचे संघ, म्हणजे गिल्ड, त्यात होते. नवा गेम पहिल्याच दिवशी त्याच भावाला, म्हणजे १४.९९ डॉलरलाच, या साठ्याशी तुलनेला उभा राहिला. दोन ठिकाणी वर्गणी भरणारे थोडेच असतात. एकूण ऑनलाइन गेमवर दरमहा किती पैसे आणि किती संध्याकाळी खर्च करायच्या हे बहुतेकांचे ठरलेले असते, आणि त्यामुळे नव्या गेमला जुन्याच्या जागी बसावे लागते. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत निर्णायक गोष्ट हीच होती, आणि ती मोफत प्रवेशाच्या चर्चेत नेहमी मागे पडते.

सात महिन्यांतील घसरण

२० डिसेंबर २०११ रोजी गेम आला. साधी आवृत्ती ५९.९९ डॉलरला होती आणि तीत पहिले तीस दिवस समाविष्ट होते. तीन दिवसांत दहा लाखांहून अधिक खेळाडू नोंदले गेल्याचे कंपनीने सांगितले. फेब्रुवारी २०१२ च्या सुरुवातीला वीस लाख प्रती विकल्या गेल्याचे आणि सतरा लाख सक्रिय वर्गणीदार असल्याचे जाहीर झाले. मे महिन्यात हा आकडा तेरा लाखांवर आला होता. अधूनमधून खेळणारे आणि चाचणीपुरते आलेले खेळाडू गळाल्याने ही घट झाली, असे कंपनीचे स्पष्टीकरण होते. जुलैअखेर वर्गणीदार दहा लाखांच्या खाली, पण पाच लाखांच्या बरेच वर असल्याचे सांगण्यात आले. रिकिटिएलोंनी आखलेली रेषा अजून ओलांडली गेली नव्हती. तिच्याकडे जाणारा वेग मात्र सर्वांना दिसत होता.

आकडे घसरणीचा वेग सांगतात, पण खेळाडूला ती जाणवली ती सर्व्हरच्या यादीत. सुरुवातीला प्रवेशासाठी तासन्‌तास रांगा लागू नयेत म्हणून कंपनीने दोनशेहून अधिक सर्व्हर उघडले होते. प्रत्येक सर्व्हर म्हणजे स्वतंत्र जग होते आणि एका सर्व्हरवरचा खेळाडू दुसऱ्यावरील खेळाडूबरोबर खेळू शकत नव्हता. गर्दी ओसरली तेव्हा उरलेले खेळाडू या शेकडो जगांत विखुरलेले राहिले. चार जणांच्या एका फ्लॅशपॉइंटसाठी, म्हणजे छोट्या गटाच्या मोहिमेसाठी, एक हीलर (सोबत्यांना बरे करणारा) आणि एक टँक (शत्रूचा मार झेलणारा) हवा असे, आणि तो शोधण्यासाठी मुख्य तळावर उभे राहून चॅटमध्ये पुन्हा पुन्हा हाक द्यावी लागे, कारण आपोआप गट जुळवून देणारी सोय सुरुवातीला गेममध्ये नव्हतीच. ती २६ जून २०१२ च्या १.३ अपडेटमध्ये आली, म्हणजे प्रकाशनानंतर सहा महिन्यांनी. सर्व्हर बदलण्याची मोफत सोयही त्याच महिन्यात सुरू झाली आणि त्यानंतर सर्व्हरची संख्या झपाट्याने खाली आणली गेली.

मल्टिप्लेअर गेममध्ये गळतीचा परिणाम इतर सेवांपेक्षा निराळा असतो. एक वर्गणीदार निघून गेला की कंपनीचे पंधरा डॉलर जातात, आणि शिवाय मागे राहिलेल्या प्रत्येकाच्या वर्गणीचे मोलही थोडे कमी होते, कारण त्याला गटासाठी माणूस मिळणे तेवढे अवघड होते. गिल्डमधील आठ जणांच्या गटातले दोन महत्त्वाचे खेळाडू थांबले की उरलेल्या सहांची ठरलेली संध्याकाळ मोडते, आणि पुढच्या महिन्यात त्या सहांपैकी आणखी काही थांबतात. एप्रिलमध्ये १.२ अपडेटच्या वेळी कंपनीने बराच पुढे पोहोचलेल्या सक्रिय खेळाडूंना तीस दिवस मोफत दिले, जुलैमध्ये पंधराव्या लेव्हलपर्यंतची मोफत चाचणी खुली केली. पण रिकाम्या जगात मोफत महिना मिळाल्याने जग भरत नाही. दरम्यान मे महिन्यात ऑस्टिनच्या चमूत कर्मचारी कपात झाली आणि नवा मजकूर घडवणारे हातही कमी झाले. आधीच अपुरी पडणारी गती अशा रीतीने आणखी मंदावली.

‘चाळीस टक्के’ या उत्तराचा अर्थ

मोफत प्रवेशाच्या घोषणेच्या वेळी कंपनीने एक कारण आवर्जून सांगितले. गेम सोडणाऱ्या खेळाडूंना विचारले असता सुमारे चाळीस टक्क्यांनी मासिक वर्गणीमुळे सोडत असल्याचे सांगितले होते, आणि मोफत पर्याय मिळाल्यास परत येऊ असे त्यांतील बहुतेकांचे म्हणणे होते. निर्णयाला यापेक्षा सरळ आधार दुसरा नसेल, असे वरवर वाटते.

पण हे उत्तर कोण, केव्हा देत होते ते पाहायला हवे. हे लोक वर्गणीचा दर माहीत असताना साठ डॉलरचा गेम विकत घेणारे होते, आणि त्यांतील अनेकांनी काही महिने वर्गणी भरलीही होती. दर बदलला नव्हता. मधल्या काळात बदलले ते त्या दरात मिळणारे काहीतरी. सोडताना माणूस ‘वर्गणी परवडत नाही’ असे लिहितो तेव्हा त्यात ‘इतके मिळत नाही’ हे दडलेले असू शकते, आणि प्रश्नावलीतील पर्यायांतून हे दोन अर्थ वेगळे निघत नाहीत. उरलेल्या साठ टक्क्यांनी दुसरे काही कारण दिले होते, हेही त्या घोषणेच्या गडबडीत बाजूला राहिले. म्हणून मोफत प्रवेशाने प्रश्नाचा एक भाग सुटणार होता, दारात अडलेल्यांचा. आत येऊन कंटाळलेल्यांचा भाग तसाच राहणार होता.

असे असले तरी निर्णय मी चुकीचा मानत नाही. ऑगस्टमध्ये गेमची किंमत १४.९९ डॉलरवर आणण्यात आली. ऑगस्टअखेर ‘गिल्ड वॉर्स २’ आला, जो एकदा विकत घेतल्यावर वर्गणीविना खेळता येत होता. सप्टेंबरअखेर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा पुढचा विस्तार आला. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या, माणसे गमावत चाललेल्या गेमला तातडीने लोक हवे होते, आणि लोक आणण्याचा तेवढा वेगवान दुसरा उपाय कंपनीच्या हाती नव्हता.

१५ नोव्हेंबर २०१२: तीन पायऱ्या

नव्या रचनेत खेळाडूंचे तीन वर्ग झाले. पूर्ण मोफत खेळणारे, एकदा काहीतरी विकत घेतलेले किंवा पूर्वी वर्गणीदार असलेले ‘प्रिफर्ड’, आणि पूर्ववत १४.९९ डॉलर भरणारे वर्गणीदार. पन्नासाव्या लेव्हलपर्यंतच्या आठही कथा सर्वांना मोफत झाल्या. ‘कार्टेल मार्केट’ नावाचे दुकान गेममध्ये उघडले, तिथे खऱ्या पैशांनी घेतलेली ‘कार्टेल कॉइन’ चालत, आणि वर्गणीदारांना दरमहा काही कॉइन वर्गणीसोबतच मिळू लागली.

म्हणजे ज्यावर सर्वाधिक खर्च झाला होता आणि ज्याची सर्वाधिक वाहवा झाली होती, ती कथा मोफत वाटली गेली, आणि पैसे लागू लागले ते तिच्याभोवतीच्या सोयींसाठी. मोफत खेळाडूला आठवड्याला ठरावीक वॉरझोनच, म्हणजे खेळाडूंमधले आपसातले सामनेच, खेळता येत. ऑपरेशनसाठी, म्हणजे आठ किंवा सोळा जणांच्या मोठ्या सामूहिक आव्हानासाठी, साप्ताहिक पास घ्यावा लागे. जांभळ्या रंगाने दाखवली जाणारी उत्तम प्रतीची शस्त्रे आणि चिलखते मिळाली तरी परवाना विकत घेतल्याशिवाय अंगावर चढत नसत. पात्राच्या डोक्यावरचे शिरस्त्राण नुसते लपवायचे असले तरी त्यालाही पैसे होते. सर्वांत जास्त टीका झाली ती क्विकबारच्या मर्यादेवर, म्हणजे पात्राच्या कौशल्यांची बटणे ठेवण्याच्या पट्ट्यांवर. लेव्हल वाढेल तशी कौशल्ये वाढत, पण ती ठेवायला जागा नसे, आणि जागा विकत घ्यावी लागे. पहिल्या काही आठवड्यांतच कंपनीला यातील काही मर्यादा सैल कराव्या लागल्या.

यातली क्रेडिटची मर्यादा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण सगळ्या रचनेचा स्वभाव तीत दिसतो. गेममधील चलनाचे मोफत खेळाडूला दोन लाख आणि प्रिफर्ड खेळाडूला साडेतीन लाखच जवळ बाळगता येत असत. वर्गणीदाराला अशी अट नव्हती. समजा, एका खेळाडूने सहा महिने वर्गणी भरून वीस लाख क्रेडिट जमवले आणि मग वर्गणी थांबवली. मोफत प्रवेश सुरू झाल्याचे ऐकून तो परत आला, तर त्याला दिसे की साडेतीन लाखच वापरता येतात आणि उरलेले साडेसोळा लाख कुलूपबंद आहेत. ती रक्कम त्यानेच, पैसे देऊन खेळलेल्या काळात कमावलेली होती. कंपनीच्या दृष्टीने ही पुन्हा वर्गणीकडे येण्याची पायरी होती. त्या खेळाडूच्या दृष्टीने मात्र परत आल्याबद्दल मिळालेली पहिली वागणूक अशी होती, की आपलेच असलेले काही आपल्याला नाकारले गेले आहे.

मोफत गेममध्ये पैसे मागण्याच्या दोन ढोबळ पद्धती असतात. एकीत खेळाडूला आवडेल असे काही नवे देऊन त्याचे पैसे घेतले जातात, दुसरीत आधी अडथळा ठेवून तो दूर करण्याचे पैसे घेतले जातात. पोशाख, वाहने, पात्राची सजावट हे पहिल्या प्रकारात मोडते आणि कार्टेल मार्केटमध्ये तेही भरपूर होते. पण २०१२ च्या रचनेचा भार दुसऱ्या प्रकारावर होता, आणि मला तिची ही बाजू खेळाडूबद्दल कंजूष वाटते. नव्या माणसाला गेम जसा आहे तसा दिसतच नव्हता. त्याला दिसत होती ती जाणूनबुजून त्रासदायक केलेली आवृत्ती, आणि तिच्यावरून त्याने पूर्ण आवृत्तीला पैसे द्यायचे की नाही हे ठरवायचे होते.

पहिला परिणाम

मे २०१३ मध्ये ईएने सांगितले, की मोफत पर्याय आल्यापासून सतरा लाखांहून अधिक नवे खेळाडू आले, वर्गणीदारांची संख्या पाच लाखांच्या किंचित खाली स्थिरावली आणि सरासरी मासिक उत्पन्न दुपटीहून अधिक झाले. दरम्यान एप्रिलमध्ये पहिला विस्तारही आला होता आणि त्याची वेगळी किंमत घेतली गेली होती.

या तीन विधानांत मधले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गेम मोफत झाला तर पैसे भरणारे पैसे भरणे थांबवतील, ही भीती वर्गणीचे समर्थक नेहमी बोलून दाखवत. ते घडले नाही. मोफत दाराने माणसे आणली, गट जुळू लागले आणि वर्गणीदाराला आपल्या पंधरा डॉलरचे मोल परत मिळू लागले. मोफत खेळाडू स्वतः एक पैसाही देत नसला तरी वॉरझोनची रांग दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर येते ती त्याच्यामुळे, आणि म्हणून तो वर्गणीदाराला विकल्या जाणाऱ्या अनुभवाचाच एक भाग असतो. पाच लाख वर्गणीदार पूर्ण दराने धरले तर महिन्याला सुमारे पंचाहत्तर लाख डॉलर होतात. ही रक्कम ‘मोफत’ म्हणवणाऱ्या गेमच्या तळाशी भरभक्कम पायासारखी होती, आणि दुकानाची कमाई तिच्यावर आली.

दुकानाच्या कमाईत ‘कार्टेल पॅक’चा मोठा हात होता. पॅक घेताना आत काय निघेल ते माहीत नसे. दुर्मीळ वस्तू क्वचित निघे. निघालेली वस्तू गेममधील बाजारात इतर खेळाडूंना क्रेडिटच्या बदल्यात विकता येई, त्यामुळे एकाने खऱ्या पैशांनी घेतलेली वस्तू दुसऱ्याला नुसत्या खेळून कमावलेल्या चलनात मिळू शकत होती. ही वाट मोफत खेळाडूला उपयोगी पडली असती, पण त्या वस्तूंचे भाव बहुधा दोन लाखांच्या पुढे जात, आणि तिथे पुन्हा क्रेडिटची मर्यादा आडवी येई. पॅक या प्रकाराबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. काय मिळेल ते न सांगता पैसे घेणे हे विक्रीपेक्षा जुगाराच्या जास्त जवळ जाते, आणि २०१७ मध्ये ईएच्याच दुसऱ्या एका स्टार वॉर्स गेममधील लूट बॉक्सवरून, म्हणजे अशाच बंद पेट्यांवरून, जो जागतिक रोष उसळला, एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या नियामकांनी काही गेममधील लूट बॉक्सना जुगाराच्या कायद्यात बसवले, ते पाहता हे मत एकट्याचे राहिलेले नाही.

२०१५: वर्गणी परत केंद्रस्थानी

ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘नाइट्स ऑफ द फॉलन एम्पायर’ हा विस्तार आला, आणि त्याच्याबरोबर रचनेत शांतपणे मोठा बदल झाला. विस्तार स्वतंत्रपणे न विकता वर्गणीत समाविष्ट करण्यात आला. सुरुवातीला नऊ प्रकरणे एकदम आली आणि पुढे फेब्रुवारी ते ऑगस्ट २०१६ या काळात दरमहा एक नवे प्रकरण येत गेले. वर्गणीदारांची संख्या जवळजवळ तीन वर्षांतील सर्वोच्च पातळीवर पोहोचल्याचे ईएने त्या हिवाळ्यात सांगितले.

२०१२ मध्ये जे जमले नव्हते ते इथे जमले. वर्गणीची तारीख आणि कथेची तारीख एकाच पंचांगावर आली. ‘येत्या महिन्यात काय?’ या प्रश्नाचे उत्तर खेळाडूला आधीच माहीत असे. कंपनी आता अडथळे दूर करण्याचे पैसे घेण्याऐवजी आपले सर्वांत चांगले काम विकत होती.

त्याची किंमतही मोजावी लागली. दरमहा एक प्रकरण द्यायचे तर आठ प्रकारच्या पात्रांसाठी आठ कथा लिहिणे शक्य नव्हते, म्हणून सर्वांना एकच कथा मिळाली आणि मूळ गेमचे वेगळेपण पुसट झाले. सामूहिक आव्हानांची तर उपासमार झाली. डिसेंबर २०१४ नंतर पुढचे नवे ऑपरेशन यायला २०१७ उजाडले. आठ-आठ जणांचे गट वर्षानुवर्षे जपणाऱ्या खेळाडूंनी सव्वादोन वर्षांहून अधिक काळ तेच जुने सामने खेळायचे, आणि त्यासाठी इतरांइतकीच वर्गणी भरायची, हे त्यांना अन्यायाचे वाटले आणि त्यांचे म्हणणे योग्य होते. उत्पन्नाची रचना ज्याला पैसे मिळवून देते त्याच प्रकारचा मजकूर वाढतो, बाकीचा सुकतो. हे या टप्प्यावर फार ठळक दिसते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सतरा सर्व्हर एकत्र करून पाच करण्यात आले.

इतरांच्या बाजूला ठेवून

याच काळातील तीन गेमची आठवण इथे पुरेशी आहे. ‘वाइल्डस्टार’ जून २०१४ मध्ये वर्गणीवर आला, सप्टेंबर २०१५ मध्ये मोफत झाला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद पडला. म्हणजे मोफत प्रवेश हा खात्रीचा उपाय नव्हे. ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने एप्रिल २०१४ मध्ये वर्गणीने सुरुवात करून मार्च २०१५ मध्ये एकदाच खरेदी आणि ऐच्छिक वर्गणी असा मधला मार्ग धरला आणि तो त्याला मानवला. ‘फायनल फँटसी १४’ने २०१० मधील अपयशानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने सुरुवात केली तीही वर्गणीवरच, ती आजवर ठेवली, आणि दार मात्र मोठे केले. २०२० मध्ये त्याच्या मोफत चाचणीत साठाव्या लेव्हलपर्यंतची कथा वेळेचे बंधन न ठेवता खेळता येऊ लागली. या तिसऱ्या उदाहरणात नवख्याला मिळणारा गेम मूळ गेमपेक्षा लहान आहे. त्रासदायक केलेला नाही. ‘ओल्ड रिपब्लिक’च्या २०१२ च्या आखणीत नेमकी हीच जाण कमी होती.

आजची मांडणी

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ईएने सांगितले, की या गेमचे आजवरचे एकूण उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या जवळ पोहोचले आहे. जुलै २०२० मध्ये तो स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आला. जून २०२३ मध्ये त्याची देखभाल आणि पुढचा विकास बायोवेअरकडून ब्रॉडस्वर्ड या जुने ऑनलाइन गेम चालवणाऱ्या स्टुडिओकडे जात असल्याचे जाहीर झाले. मोफत, प्रिफर्ड आणि वर्गणीदार या तीन पायऱ्या टिकून राहिल्या, क्रेडिटची मर्यादा पुढे वाढवली गेली, आणि एक महिन्याची वर्गणी भरणाऱ्याला तोवर आलेले सर्व विस्तार कायमचे मिळू लागले. त्यामुळे आता बरेच खेळाडू नवी कथा आली की एका महिन्याचे पैसे भरतात, ती पूर्ण करतात, वर्गणी थांबवतात आणि पुढची कथा येईपर्यंत प्रिफर्ड म्हणून अधूनमधून डोकावत राहतात. २०१२ च्या सुरुवातीला असा प्रत्येक खेळाडू कंपनीच्या तक्त्यात गळती म्हणून मोजला जात होता.